मताचा अधिकार नसलेला सभासद
(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कायदेमंडळात आपले संख्याबळ नसेल तर तेथे बोलून उपयोग काय, हा प्रश्न चळवळीतील कार्यकर्ते वारंवार विचारतात. मोर्चा निघाला, घेराव झाला, तर निदान तालुक्याचा अधिकारी जागा होतो. सभागृहातील भाषण मात्र कार्यवृत्ताच्या पानांत पुरले जाते, असा एक समज आहे. या समजात तथ्याचा अंश आहेच. परंतु तो कितपत खरा मानावा हे ठरविण्यापूर्वी अशा एका सभासदाच्या कामगिरीकडे पाहिले पाहिजे, ज्याला केवळ बहुमतच नव्हे, तर अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकारच नव्हता. हा सभासद म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचे नाव पुण्याशी जोडले गेले असले, तरी त्यांचे बालपण आणि शिक्षण याच मातीत झाले हे कोल्हापूरकरांनाही फारसे आठवत नाही. १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ साली वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते दरमहा कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत राहिले. राजाराम कॉलेजात आरंभ करून पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली गोखले पदवीधर झाले. एका भावाचे शिक्षण थांबते तेव्हा दुसऱ्याचे होते, हा गरीब घराचा जमाखर्च त्यांनी लहानपणीच अनुभवला होता. पुढे देशाच्या जमाखर्चाकडे पाहताना ही दृष्टी त्यांच्या उपयोगी पडली असल्यास नवल नाही.

१९०२ साली फिरोजशहा मेहता यांच्या जागी गोखले व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलावर गेले. या कौन्सिलाचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची मुभा दिली होती. पण ठराव मांडता येत नव्हता, खर्चाच्या बाबीवर मतदान मागता येत नव्हते, उपप्रश्नसुद्धा विचारता येत नव्हता. सरकारी सभासदांचे बहुमत कायद्यानेच पक्के केलेले होते. वर्षातून एकदा, अंदाजपत्रक आधीच ठरून गेल्यावर, प्रत्येकाने आपले म्हणणे मांडावे, अर्थमंत्र्याने उत्तर द्यावे, व्हाइसरॉयने समारोप करावा आणि सभा उठावी, असा हा सोहळा असे. बहुतेक सभासद या प्रसंगी सरकारचे अभिनंदन करीत.

२६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी पहिले अंदाजपत्रकीय भाषण केले आणि आरंभीच सांगितले की, या शिलकीबद्दलच्या अभिनंदनात आपणास मनापासून सहभागी होता येत नाही. देश नुकताच १८९९-१९०० च्या दुष्काळातून बाहेर पडत होता. लक्षावधी माणसे आणि त्याहून अधिक जनावरे दगावली होती. अशा वर्षांतही सरकारच्या तिजोरीत कोट्यवधी रुपये शिल्लक राहत होते, आणि ही शिल्लक देशाच्या भरभराटीचा पुरावा म्हणून मांडली जात होती. गोखल्यांनी विचारले की, शिल्लक आली कोठून?

त्यांचे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आजही मुळातून अभ्यासावे असे आहे. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे: कर्जावरील व्याज, निवृत्तिवेतने, इंडिया ऑफिसचा खर्च वगैरे. चांदी स्वस्त होत गेली तशी रुपयाची किंमत घसरली आणि हाच बोजा रुपयांत वाढत गेला. तो भागविण्यासाठी सरकारने कर वाढविले. १८८६ साली प्राप्तिकर आला, १८८८ साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला, पुढे आयातीवर जकात बसली. १८९३ साली टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीस बंद करण्यात आल्या आणि कृत्रिम टंचाईने रुपया चढत चढत सोळा पेन्सांवर स्थिरावला.

आता साधा हिशेब करून पाहावा. रुपया तेरा पेन्सांचा असताना एक पौंड पाठवायला सुमारे साडेअठरा रुपये लागत; तो सोळा पेन्सांचा झाल्यावर पंधरा रुपये पुरू लागले. दर पौंडामागे साडेतीन रुपये वाचू लागले. ज्या कारणासाठी कर वाढविले होते ते कारण ओसरले, परंतु कर मात्र जेथल्या तेथे राहिले. ही शिल्लक म्हणजे रयतेकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेला पैसा होय, असे गोखल्यांनी दाखवून दिले. देशाचे उत्पन्न वाढल्याने ती निर्माण झालेली नव्हती. टांकसाळी बंद झाल्यामुळे गोरगरिबांच्या अंगावरील चांदीचे मोल घटले, हा तोटा वेगळाच. तो कोणत्याही सरकारी हिशेबात येत नव्हता.

या विवेचनाला एक व्यापक अर्थ आहे. सरकारी तिजोरीची स्थिती आणि लोकांची स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सुधारली म्हणून दुसरी सुधारली असे होत नाही, किंबहुना पुष्कळदा दुसरी बिघडवूनच पहिली सुधारलेली असते. आज हे वाक्य सामान्य वाटेल. १९०२ साली, साम्राज्याच्या भर दरबारात, लॉर्ड कर्झनसमोर, सरकारच्याच आकड्यांनी ते सिद्ध करून दाखविणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

मिठाच्या कराचे उदाहरण याहूनही बोलके आहे. मीठ श्रीमंतालाही लागते आणि भूमिहीन मजुरालाही लागते, आणि मजुराच्या भाकरीबरोबर पुष्कळदा मिठाखेरीज दुसरे काही नसते. म्हणून मिठावरचा कर उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिला तर गरिबावरच सर्वांत जड. सरकारचे म्हणणे असे की, इतका किरकोळ कर कोणाला जाणवत नाही. गोखल्यांनी भावनेला आवाहन करण्याऐवजी मिठाच्या खपाचे आकडे पुढे ठेवले. १८८८ च्या करवाढीनंतर लोकसंख्या वाढूनही मिठाचा खप त्या मानाने वाढला नव्हता. म्हणजे माणसे मिठातही काटकसर करीत होती. पुढे १९०३ साली हा कर दोन रुपयांवर, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एक रुपयावर आला, आणि खप वाढला. १९०३ सालीच प्राप्तिकराची सूट-मर्यादा वार्षिक पाचशे रुपयांवरून हजारावर गेली. हे सारे एकट्या गोखल्यांनी केले असा दावा करण्याचे कारण नाही. काँग्रेसची मागणी जुनी होती आणि तिजोरी भरलेली होती. परंतु भरलेल्या तिजोरीतला पैसा लष्कराकडे न वळता काही अंशी तरी मिठाकडे वळला, यात वर्षानुवर्षे चाललेल्या त्या युक्तिवादाचा वाटा निश्चित आहे.

हे आकडे गोखल्यांना आकाशातून मिळाले नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी वर्षानुवर्षे सरकारी अहवाल चाळले होते. फर्ग्युसन कॉलेजात गणितापासून अर्थशास्त्रापर्यंत अनेक विषय शिकविले होते. १८९७ साली लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना इंग्रज तज्ज्ञांची उलटतपासणी सोसली होती. आणि त्यांच्या पाठीशी एक माणूस उभा होता, ज्याचे नाव आज क्वचितच घेतले जाते: गणेश व्यंकटेश जोशी. हे सोलापूरचे जोशी सरकारी शाळेत मास्तर होते. अहवालांतील कोष्टके वाचून त्यांतून धोरणाचा अर्थ काढण्यात त्यांचा हातखंडा होता. १९०२ च्या भाषणामागील पुष्कळसा अभ्यास जोशींचा होता. सभागृहात एक माणूस उभा राहतो तेव्हा त्याच्यामागे अभ्यास करणारी माणसे असावी लागतात. चांगला वक्ता निवडून पाठविला म्हणजे काम झाले असे मानणाऱ्या प्रत्येक पक्षाने गोखले-जोशी या जोडीचा विचार करावा.

१९०९ च्या सुधारणांनी कौन्सिलात ठराव मांडण्याची आणि त्यावर मत मागण्याची सोय झाली. अर्थात वरिष्ठ कौन्सिलातले सरकारी बहुमत कायमच राहिले. या अपुऱ्या हत्याराचाही गोखल्यांनी लगेच उपयोग केला. फेब्रुवारी १९१० मध्ये नाताळकडे गिरमिटावर मजूर पाठविणे बंद करावे, हा त्यांचा ठराव सरकारला स्वीकारावा लागला, आणि १९११ च्या जुलैपासून ती भरती थांबली. परंतु त्यांच्या संसदीय जीवनातील सर्वांत मोठा प्रयत्न होता तो प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकाचा, आणि तो पराभवात संपला.

१६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी हे विधेयक मांडले. त्यातील मागणी आज वाचताना आश्चर्य वाटावे इतकी माफक आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे करावे. तेही सर्वत्र नव्हे, तर जेथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत अशा भागांत. तेही स्थानिक संस्थेने ठरविले आणि सरकारने संमती दिली तरच. मुलींचा विचार पुढच्या टप्प्यावर. ज्या पालकाची मासिक प्राप्ती दहा रुपयांहून अधिक नाही त्याच्याकडून फी घेऊ नये. स्थानिक संस्थांना शिक्षणपट्टी बसविता यावी, आणि खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलावा, अशी गोखल्यांची अपेक्षा होती. इंग्लंडने १८७० नंतर जे केले, जपानने केले, बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत आरंभ करून १९०६ पर्यंत साऱ्या संस्थानात केले, त्याची ही पहिली पायरी होती.

तरीही विरोध झाला. प्रांतिक सरकारांनी पैशाची आणि शिक्षकांची अडचण पुढे केली, लोक तयार नाहीत असे सांगितले. हिंदी सभासदांपैकीही काही जमीनदार सरकारच्या बाजूने उभे राहिले. मजुराचे पोर शाळेत गेले तर शेतावर कोण राबणार, ही चिंता त्या काळी उघड बोलली जात असे. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक प्रवर समितीकडे पाठविण्याचा प्रस्ताव मतास पडला. बाजूने १३ मते पडली आणि विरुद्ध ३८. म्हणजे विधेयकाचा तपशीलवार विचारसुद्धा नको, असा निकाल लागला. निकाल काय लागणार हे गोखल्यांना ठाऊक होते आणि त्यांनी तसे सभागृहात सांगितलेही. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच देशसेवा करणे आले आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. फेब्रुवारी १९१५ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते वारले.

येथवर आल्यावर गोखल्यांच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत, अन्यथा हे विवेचन चरित्रगायन होईल. १९०१ साली मुंबई कौन्सिलात जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती गहाण टाकण्याचा वा विकण्याचा अधिकार शेतकऱ्याला असू नये, अशी त्यात तरतूद होती. ती सावकाराच्या तावडीतून जमीन वाचविण्यासाठी आहे, असे सरकार म्हणत होते. त्याने शेतकऱ्याची पत जाईल आणि तो सरकारचा कूळ बनेल, असे गोखल्यांचे म्हणणे होते. फिरोजशहांसह त्यांनी सभात्यागही केला. सरकारच्या हेतूबद्दलची त्यांची शंका रास्त होती. साऱ्याचा जाच कमी न करता केवळ सावकाराला दोष देणे हा सरकारचा कावा होता, हेही खरे. पण सावकारशाहीचा प्रश्न होताच, आणि दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली सावकारांच्या वह्या जाळून तो पुरेशा स्पष्टपणे मांडला होता. कुळाच्या आणि कर्जबाजारी शेतकऱ्याच्या बाजूने या प्रश्नाला जे उत्तर हवे होते, ते त्या वेळी ना सरकारपाशी होते, ना सभात्याग करणाऱ्यांपाशी.

दुसरी मर्यादा प्रतिनिधित्वाची. गोखले मूठभर मतदारांच्या कौन्सिलातून निवडून गेले होते. ज्यांच्या मिठाबद्दल ते बोलत होते त्यांना मत नव्हते आणि त्यांच्यापर्यंत ही इंग्रजी भाषणे पोहोचतही नव्हती. प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न महात्मा फुल्यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे मांडला होता. शेतकऱ्याच्या घामातून सारा वसूल होतो आणि त्यातून उच्चवर्णीयांची कॉलेजे चालतात, हे फुल्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणीही त्यांनी केली होती. म्हणजे कलकत्त्याच्या सभागृहात जो प्रश्न १९११ साली पोहोचला तो पुण्यात तीस वर्षे आधी उभा होता. दुबळ्या वर्गाचा प्रश्न वरिष्ठ सभागृहापर्यंत पोहोचायला इतका काळ लागतो, हे विसरून चालणार नाही.

आणि तरीही १९१२ चा पराभव वाया गेला नाही. त्याचा पुरावा शोधायला दूर जाण्याची गरज नाही. १९१७ साली कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंडाची तरतूद केली. साम्राज्याचे सरकार पैसा नाही म्हणत होते. एका लहान संस्थानाने पैसा उभा केला. शाहू महाराजांची प्रेरणा गोखल्यांची नव्हती. ती सत्यशोधक परंपरेतून आणि बहुजन समाजाच्या स्थितीच्या प्रत्यक्ष ज्ञानातून आलेली होती. पण सक्तीचे शिक्षण अशक्य आहे, हा सरकारी युक्तिवाद कौन्सिलातील चर्चेने उघडा पाडला होता आणि करवीर दरबाराने प्रत्यक्ष कृतीने तो खोटा ठरविला. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याचा अधिकार मिळाला. घटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना शिक्षण देण्याचे वचन दिले. ते पाळले गेले नाही. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तेरा मते पडल्यापासून या दिवसापर्यंत अठ्ठ्याण्णव वर्षे गेली.

हक्क कायद्यात आला म्हणजे पदरात पडला असेही नाही. २०२३ साली महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची कल्पना पुढे आली. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड अशा डोंगराळ तालुक्यांतील वाड्यांवर शाळा दूर जाणे म्हणजे काय, हे तेथल्या आईबापांना विचारावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना दुर्बल घटकांच्या पंचवीस टक्के जागांतून सूट दिली; जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. पैसा नाही, पट नाही, सोय नाही ही कारणे १९१२ सालच्या प्रांतिक सरकारांच्या उत्तरांशी ताडून पाहिली तर त्यांत नवे फारसे आढळत नाही.

कराच्या बाबतीतही हेच. २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर, सवलती सोडणाऱ्यांसाठी, बावीस टक्क्यांवर आणण्यात आला. १८ जुलै २०२२ पासून वेष्टन करून लेबल लावलेल्या धान्यावर, पिठावर, दह्यावर आणि गुळावर पाच टक्के वस्तू व सेवा कर बसला. कोल्हापूरच्या गुळाची ढेप जेथे बांधली जाते तेथल्या माणसांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. दोन्ही निर्णयांचे समर्थन करणारे आपापले युक्तिवाद करतील. करणे त्यांचा हक्क आहे. पण गोखल्यांनी मिठाबद्दल विचारलेला प्रश्न येथे लागू पडतो: कोणाच्या मिळकतीचा केवढा भाग या करात जातो? तो सभागृहात आकड्यांनिशी विचारला गेला पाहिजे. वस्तू व सेवा कराचे दर परिषदेत ठरतात आणि अधिसूचनेने लागू होतात, त्यामुळे तो विचारण्याची जागाच आक्रसली आहे.

सभागृहाची स्थिती काय आहे? तीन शेतीकायदे मागे घेण्याचे विधेयक २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांत चर्चेविना काही मिनिटांत मंजूर झाले. शेतकऱ्यांनी वर्षभर रस्त्यावर बसून मिळविलेला तो विजय होता. पण तो का मिळाला आणि सरकारचे काय चुकले होते, याची नोंद संसदेच्या कार्यवृत्तात होऊ शकली नाही. २३ मार्च २०२३ रोजी केंद्राच्या अंदाजपत्रकातील सर्व मागण्या लोकसभेने गोंधळात, चर्चेशिवाय मंजूर केल्या. गोखल्यांना बोलता येत होते, मत देता येत नव्हते. स्वतंत्र भारताच्या सभासदाला मत आहे, पण जेथे बोलायचे तेथे त्याला बोलू दिले जात नाही, किंवा बोलण्याइतका अभ्यास त्याने केलेला नसतो. सत्ताधाऱ्यांना दोष देताना हे दुसरे कारणही दडवून ठेवू नये.

आरंभीच्या प्रश्नाकडे आता परत येता येईल. बहुमत नसताना सभागृहात बोलण्याचा उपयोग काय? मिठाच्या कराचा पुढचा इतिहास याचे दोन्ही बाजूंनी उत्तर देतो. युक्तिवादाने तो अडीच रुपयांवरून एक रुपयावर आला. १९२३ साली मध्यवर्ती विधानसभेचा विरोध डावलून व्हाइसरॉयने आपल्या विशेष अधिकारात तो पुन्हा अडीच रुपये केला. मागे बळ नसलेला युक्तिवाद असा एका सहीने पुसला जातो. आणि १९३० साली गांधीजींनी मीठच उचलले तेव्हा त्या मुठीत बळ आले, कारण मिठाचा कर अन्याय्य का आहे हे तोवर तीन दशकांच्या वादविवादांनी सुशिक्षितांना पटलेले होते आणि उरलेल्यांना ते स्वानुभवानेच ठाऊक होते. चळवळीविना सभागृह पांगळे राहते. आणि सभागृहात मांडता येईल असा हिशेब हाताशी नसेल तर चळवळही आपली मागणी निवेदनापलीकडे नेऊ शकत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांकडून अपेक्षा मोठी नाही, पण चिकाटीची आहे. जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक दरवर्षी मार्चच्या सुमारास मांडले जाते. त्यातील शिक्षणावरची तरतूद किती, खर्च किती झाला, अखर्चित किती राहिला, आणि आपल्या तालुक्यातील किती शाळांत शिक्षकांची पदे रिकामी आहेत, एवढे आकडे प्रत्येक तालुक्याच्या शाखेने काढून ठेवावेत. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे. सोलापूरच्या त्या शाळामास्तरापाशी असा कोणताही कायदा नव्हता. सरकारी अहवाल आणि रात्रीचा दिवा एवढ्यावर त्याने काम भागविले. असे दोन-चार जोशी प्रत्येक तालुक्यात तयार झाले, तर सभागृहात उभ्या राहणाऱ्या आपल्या माणसाला काय बोलावे हा प्रश्न पडणार नाही, आणि निवडून आलेला माणूस आपला नसला तरी त्याला उत्तर द्यावे लागेल.